कोमट पाणी

बर्फाच्या कारखान्याला लागून जे घर असतं, त्याच्या एका भिंतीला उन्हाळा कधी कळतच नाही. भिंतीपलीकडे मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, टाकीत बुडवलेले लोखंडी डबे, डब्यांत हळूहळू गोठत चाललेलं पाणी. आणि भिंतीअलीकडे वहिनीची खाट.

भर उन्हाच्या दिवसांत गल्लीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून दुपारी वहिनीकडे यायच्या आणि त्या भिंतीला पाठ लावून बसायच्या.

"वहिनी, तुमच्यावर देवाची कृपा आहे हो. नाहीतर आमच्या घराची भट्टी झालीय."

"कृपा आहे खरी," वहिनी म्हणायची, "पण जरा ओल धरलीय तिला."

वहिनी काजं-बटणं करायची. दुकानातून शिवलेल्या सदऱ्यांचे गठ्ठे यायचे, ती हाताने काजं करून, बटणं लावून परत पाठवायची. तिचं काज बघावं. दोऱ्याची गाठ गाठीला चिकटून बसलेली, एक टाका मागे नाही की पुढे नाही. हात चालू असताना ओठही चालू असायचे. देवाचं काहीतरी गुणगुणणं तिचं अखंड चालायचं आणि त्याच्याच तालावर सुई आत-बाहेर व्हायची. कारखान्यातली माणसं तिला वहिनी म्हणायची म्हणून सगळी गल्लीच वहिनी म्हणू लागली. खरं तर ती वहिनी होती एकाच माणसाची.

दादा, म्हणजे तिचा नवरा, कारखान्यात मशीन सांभाळायचा. त्याचा धाकटा भाऊ टेम्पोतून बर्फाच्या लाद्या शहरात पोचवायचा. या दिराचं नाव वहिनीने लादीशेठ ठेवलं होतं. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा हा चड्डीतलं पोर होता. त्याच सुमाराला वहिनीचं पहिलं बाळंतपण झालं. मूल वाचलं नाही. तिला फार रक्तस्राव झाला, बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवावं लागलं, आणि पुढे कधी दिवस राहिले नाहीत. दूध पाजायला मूल नव्हतं आणि भरवायला हा दीर होता. तिने याला भरवलं.

त्या चढवलेल्या रक्तातून एक विषाणू तिच्या अंगात शिरला. सी प्रकारची कावीळ म्हणतात ती. डोळे पिवळे झाले नाहीत, ताप आला नाही. गुपचूप लिव्हरमध्ये बिऱ्हाड करून तो राहिला. लादीशेठ वाढला, टेम्पो शिकला, त्याच्या डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले, तोवर कुणाला पत्ता नाही.

पत्ता लागला तो पायांवरच्या डागांमुळे. घोट्यांपासून वर लालसर ठिपके उठले, डाळिंबाचे दाणे चिरडून सांडावेत तसे. बोटं सकाळी जांभळी पडायची. सुई हातातून निसटायची आणि निसटलेली कळायची नाही.

"वहिनी, दवाखान्यात चल."

"गणवेशांचे दिवस आहेत रे. शाळा उघडल्या की जाऊ."

"शाळा दरवर्षी उघडतात."

"म्हणून तर पोट भरतं आपलं, लादीशेठ."

शेवटी त्याने तिला टेम्पोत पुढच्या सीटवर अक्षरशः उचलून ठेवलं. रोज लाद्या उचलणाऱ्या माणसाला वहिनी म्हणजे काय! गल्लीभर ती ओरडत गेली, "अरे, मी काय बर्फ आहे?"

गावातल्या दवाखान्यातले लिव्हरचे डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. त्यांनी रक्त तपासलं, कावीळ सापडली. वहिनीचा चेहरा उतरला तेव्हा ते म्हणाले, "घाबरू नका. याला आता गोळ्या आहेत. हा विषाणू जातो. मला चिंता पायांची वाटते."

"पाय म्हातारे झाले डॉक्टर."

"डाग म्हातारपणाचे नाहीत. एवढी वर्षं विषाणूशी लढता लढता कधीकधी शरीर रक्तात एक भलताच पदार्थ बनवायला लागतं. तो बारीक रक्तवाहिन्यांत जाऊन अडकतो. तसं असेल तर उपचार वेगळे, आणि लवकर करावे लागतात. ही तपासणी इथे होत नाही. तुम्ही शहरात गेलात तर उत्तम."

"पाय टेकवत नाहीत मला. एवढा प्रवास कसा करू?"

"मग रक्त इथेच घेऊ आणि लगेच पाठवू. कोणी नेणारं आहे?"

"मी आहे ना," लादीशेठ म्हणाला. "रोज जातो मी शहरात. माझा मालच तसा आहे, उशीर केला तर पाणी होतं."

डॉक्टर हसले. रक्त घेणाऱ्या ताईला आत बोलावून त्यांनी काय काय ते समजावलं. लादीशेठ तेवढ्यात टेम्पो सावलीत लावायला गेला होता. तो परत आला तेव्हा ताईच्या हातात झाकण घट्ट लावलेला थर्मास तयार होता.

"हा उघडायचा नाही. थेट शहरातल्या प्रयोगशाळेच्या खिडकीवर नेऊन द्यायचा."

"आत काय आहे?"

"तुमच्या वहिनीचं रक्त. सरबत थोडंच देणार तुम्हाला?"

रांगेतली माणसं हसली. लादीशेठही हसला. पुढच्या बाईने दंड पुढे केला आणि ताई तिच्याकडे वळली.

त्या दिवशी रस्त्यावर एक मालट्रक आडवा झाला होता. पुढे जाता येईना, मागे येता येईना. ऊन डोक्यावर, टेम्पोचा पत्रा हात लावू देईना. मागे गोणपाटाखाली लाद्या घाम गाळत होत्या. त्याला लाद्यांची फिकीर नव्हती; मांडीशी ठेवलेल्या थर्मासकडे त्याची नजर पुन्हा पुन्हा जात होती. त्याच्या सगळ्या आयुष्याचा एकच धर्म होता: गार ते टिकतं, गरम ते नासतं. मासळी असो, दूध असो, औषधं असोत, शहरातली माणसं त्याच्या टेम्पोची वाट बघत बसायची ती यासाठीच. देव पाऊस-पाणी बघतो, नासणं थांबवायचं काम मात्र त्याने आमच्या घरावर सोपवलंय, असं वहिनीच म्हणायची.

त्याने झाकण फिरवलं. आत बोट घातलं.

पाणी कोमट होतं.

"वितळला की सगळा!" तो मोठ्याने म्हणाला. शेजारच्या गाडीवाल्याने वळून बघितलं. "बघा हो, दवाखान्यातली माणसं! चार खडे टाकले आणि दिलं हातात. एवढ्या उन्हात चार खडे कुठवर पुरणार? माझ्या वहिनीचं रक्त आहे ते!"

"नशीब तुमच्या गाडीत बर्फ आहे," गाडीवाला म्हणाला.

"नशीब कसलं, देवाची दया."

त्याने कोमट पाणी रस्त्यावर ओतून टाकलं. मागे जाऊन लादीचा सगळ्यांत स्वच्छ, काचेसारखा कोपरा टोच्याने फोडला, रुमालात घालून बारीक केला, आणि रक्ताची नळी त्यात गळ्यापर्यंत नीट पुरून बसवली. झाकण लावताना त्याने डोळे मिटून हात जोडले. रस्ता मोकळा झाला तो जणू त्याच क्षणी, असं त्याला वाटलं.

शहरातल्या खिडकीवरच्या माणसाने थर्मास उघडून आत डोकावलं. "वा! हे बरं केलंत. लोक नळी शर्टाच्या खिशात घालून आणतात, आणि वर आम्हालाच विचारतात की चालेल ना."

"आमचा धंदाच तो आहे," लादीशेठ म्हणाला. परत येताना तो गाणं म्हणत आला.

तपासणीत काही निघालं नाही. तो पदार्थ रक्तात नव्हता. गावातल्या डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून बघितला. "नाही म्हणतात. मला वाटलं होतं..." मग ते स्वतःशीच म्हणाले, "नाही तर नाही. बरंच आहे." रक्तात संधिवाताची खूण मात्र होती. त्यांनी सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सांध्यांच्या डॉक्टरांनी बोटं दाबून बघितली आणि संधिवाताच्या गोळ्या दिल्या. काविळीच्या गोळ्या वेगळ्या सुरू झाल्या. थंडीपासून जपायला कुणी सांगितलं नाही. सांगणार कशाला? वहिनीची खाट होती तिथेच राहिली, त्या भिंतीशी.

काविळीच्या गोळ्या संपल्या. पुन्हा रक्त तपासलं. विषाणू गेला होता. पार गेला, नावालाही उरला नव्हता. दादाने कारखान्यातल्या सगळ्यांना चहा पाजला. कधी न हसणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्याने कॉम्प्रेसरवर थाप मारली, एखाद्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी. वहिनीने देवापुढे डोकं टेकलं ते बराच वेळ उचललंच नाही.

"उठ आता," लादीशेठ म्हणाला, "नाहीतर त्याला वाटेल अजून काही मागणं बाकी आहे."

"गप रे. आभार मानायलाही वेळ लागतो."

आता सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण डाग गेले नाहीत. गोळ्यांनी ते जरा फिके पडायचे, गारठ्यात पुन्हा उठायचे. तळपाय बधिर होत गेले. चप्पल पायातून सुटून मागे राहायची आणि वहिनी तशीच पुढे चालत जायची. काजं वाकडी यायला लागली. दुकानदाराने पहिल्यांदा एक गठ्ठा परत पाठवला. तिने तो रात्रभर उशाशी ठेवला आणि सकाळी उसवायला घेतला.

"संधिवात आहे, हळूहळूच जाणार," सगळे म्हणायचे. महिने गेले. उन्हाळा पुन्हा आला, पुन्हा बायका भिंतीला टेकून बसल्या.

एक दिवस वहिनी मोरीतून ओरडली, "लादीशेठ! संडासात साबणाची पूड कुणी ओतली?"

"मी नाही."

"मग हा फेस कशाचा? मेल्या, टेम्पो धुतोस आणि बादली इथे रिकामी करतोस."

"अगं, देवाशपथ नाही."

दुसऱ्या दिवशीही फेस होता, तिसऱ्या दिवशीही. मग पायांवर सूज आली. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. गावातल्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि या वेळी ते हसले नाहीत. "आजच्या आज शहरात. मोठ्या दवाखान्यात. मी फोन करतो."

शहरातल्या किडनीच्या डॉक्टरीणबाई बुटक्या, पांढऱ्या केसांच्या होत्या. त्यांनी जुने कागद वाचले. वहिनीचे पाय बघितले, पुन्हा कागद वाचले. "ही तपासणी पुन्हा करायची," त्या म्हणाल्या. "माझा या कागदावर विश्वास नाही."

रक्त घ्यायला एक तंत्रज्ञ वॉर्डात आला. त्याच्याकडे छोटा डबा होता. त्यातून त्याने नळी काढली, ती आधी तळहातात धरून बघितली, मग रक्त घेतलं आणि नळी पुन्हा लगेच डब्यात ठेवली. लादीशेठ शेजारीच उभा होता.

"बर्फ लागणार का? माझ्या गाडीत आहे."

तंत्रज्ञ दचकलाच. "बर्फ? अहो, भलतंच काय! या तपासणीला गार लागू द्यायचंच नाही. डब्यात अंगाइतकं गरम पाणी आहे. जरा थंडावलं की तो पदार्थ आतच साकळतो आणि गुठळीबरोबर खाली बसतो. मग रक्तावर सुटलेल्या पाण्यात शोधत बसा, सापडणारच नाही. आम्ही लिहून मोकळे, नाही म्हणून."

"नाही म्हणून," लादीशेठ म्हणाला.

"हो ना. असताना नाही म्हणून."

तंत्रज्ञ निघून गेला. लादीशेठ खाटेच्या दांडीला धरून उभा राहिला. वहिनी म्हणाली, "काय रे, रक्त माझं घेतलं आणि चक्कर तुला?" तो बाहेर व्हरांड्यात आला. एका बाकावर बसला. उठला, पुन्हा बसला. त्याच्या बोटाला ते कोमट पाणी लागत होतं. त्याने बोट पँटला पुसलं.

या वेळी तो पदार्थ सापडला. भरपूर सापडला. किडनीचा तुकडा काढून तपासला, त्यातही तोच साचला होता. डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवून समजावून सांगितलं.

"विषाणू तर गेलाय ना?" दादाने विचारलं. "चहा पाजला आम्ही सगळ्यांना."

"गेलाय. त्यात खोट नाही." बाईंनी वहिनीकडे बघितलं. "तुम्ही गुणगुणता सारख्या, मी ऐकलंय. चार जणांत बसून गायलात ना कधी? मुख्य गाणारा हात वर करतो आणि साथीदार थांबतात. शरीरातही असं आहे. लढणाऱ्या पेशी असतात, आणि आता पुरे म्हणून हात वर करणाऱ्याही असतात. एवढी वर्षं विषाणू उठू देईना की बसू देईना. तो हात थकून गेला. आता ज्याच्यासाठी गाणं होतं तो उठून गेला तरी साथीदार गातच सुटलेत. ते जे बनवतात ते थंडीत घट्ट होतं आणि पायांत, नसांत, किडनीत जाऊन बसतं."

वहिनी ऐकत होती. "मग त्यांना कुणी सांगायचं, थांबा म्हणून?"

"इंजेक्शन आहे. ते सांगतं. कधी ऐकतात, कधी नाही ऐकत. ऐकलं तरी किडनीचा जो भाग गेला तो परत येत नाही."

दादा आणि वहिनी उठून गेल्यावर लादीशेठ मागे राहिला. "बाई, वर्षापूर्वी कळलं असतं तर?"

"तेव्हा किडनी चांगली होती. इंजेक्शन दिलं असतं, गारठ्यापासून लांब ठेवलं असतं. वाचली असती असं मला वाटतं. शपथेवर नाही सांगता येणार. ती पहिली तपासणी का चुकली, कोण जाणे. होतं असं."

"मी बर्फात नेलं होतं."

त्यांनी चष्मा काढला. काही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला उभं राहायला जरा जमीन मिळाली असती. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

"उघडू नका म्हणाले होते."

"का, ते सांगितलं होतं?"

"नाही."

"हं," त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुन्हा लावला.

इंजेक्शनं झाली. डाग थोडे ओसरले. किडनी परतली नाही. वहिनी डायलिसिसवर गेली. आठवड्यातून तीनदा टेम्पोतून शहरात, मानेतल्या नळीतून रक्त बाहेर, यंत्रातून फिरून पुन्हा आत. खाट भिंतीपासून हलवली. घरातली दुसरी खोली रस्त्याकडे होती, तिथे ऊन यायचं. आता ऊन होतं.

दादाला सांगायचं म्हणून लादीशेठ कारखान्यात गेला. कॉम्प्रेसर चालू होता. त्या आवाजात माणसाला कबुलीही धड देता येत नाही.

"दादा, चूक माझी आहे."

"काय?"

"ते रक्त! मी बर्फ घातला त्यात!"

"कशात?"

"थर्मासमध्ये! त्यात गरम पाणी होतं! मुद्दाम घातलेलं! मी ओतून दिलं आणि बर्फ भरला!"

जवळच्या एका कामगाराने मान वर केली आणि लगेच खाली घातली. दादा भावाकडे बघत राहिला. मग वळून त्याने एक झडप थोडी आवळली, जी आवळायची काही गरज नव्हती. लादीशेठला वाटलं, मारेल. मारावं. दादा जवळ आला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "मीही घातला असता."

मग म्हणाला, "तिला कळता कामा नये. तुझ्यात जीव आहे तिचा. तेवढं तरी राहू दे तिच्याकडे."

लादीशेठने मान हलवली. आणि खरंच, बरेच दिवस तो बोलला नाही. तिला उचलून टेम्पोत बसवायचा, उचलून खाटेवर ठेवायचा. ती दिवसेंदिवस हलकी होत होती. थट्टा करायची, "काय लादीशेठ, माल वितळत चाललाय ना?" तो हसायचा. हसण्याएवढं कठीण काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

गप्प राहणं त्याला जमलंही असतं. पण एक दिवस यंत्र चालू असताना त्याने तिचे ओठ हलताना बघितले. जुनं गुणगुणणं नव्हतं ते. तो जवळ वाकला.

"काय म्हणतेस वहिनी?"

"माफी मागतेय."

"कुणाची? कशाची?"

तिने इकडेतिकडे बघितलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा झोपला होता. "कुणाला सांगू नकोस. ह्यांना तर नाहीच. त्या काविळीच्या गोळ्या होत्या ना, त्यातल्या काही दिवसांच्या मी चुकवल्या. गणवेश चालू होते, गोळी घेतली की मळमळायचं, काम व्हायचं नाही. म्हटलं, दुकानदाराला माल देऊ आणि मग घेऊ. ह्यांना सांगितलं घेतली म्हणून. देवासमोर खोटं बोलले. त्याचंच हे आहे."

"नाही गं. विषाणू गेला ना? डॉक्टर म्हणाल्या, पार गेला. गोळ्यांचा काही संबंध नाही."

"त्या आपल्या धीर द्यायला म्हणतात. मला कळतं. देवाने बरं करायला औषध हातात ठेवलं आणि मी काजं करत बसले. रोज मागते माफी. रोज. अजून मिळालीशी वाटत नाही."

यंत्राची चाकं फिरत होती. लादीशेठच्या मनात दादाचं बोलणं आलं. गप्प राहिलो तर वहिनीला दीर उरेल, सांगितलं तर देव उरेल. दोन्ही उरणार नाहीत, एवढं त्याला कळलं. निवड करण्याएवढा तो शहाणा नव्हता. पण रोज ती नसलेल्या पापाची माफी मागत राहणार आणि आपण खाली मान घालून शेजारी बसणार, हे त्याच्याने होईना.

त्याने सांगितलं. आडवा ट्रक, ऊन, कोमट पाणी, टोचा, सगळं. खिडकीवरचा माणूस ‘बरं केलंत’ म्हणाला तेही सांगितलं. हात जोडले होते तेही.

वहिनीने त्याला मध्ये एकदाही तोडलं नाही. तो थांबल्यावर तिने विचारलं, "तेव्हाच कळलं असतं तर?"

"वाचली असती म्हणतात. किडनी."

"आणि हात?"

"हातही, बहुतेक."

तिने हात तोंडासमोर धरला आणि बोटं उघडमीट करून बघितली. जणू दुसऱ्याच कुणाचा तरी हात होता तो.

"म्हणजे मी कशाची माफी मागत होते इतके दिवस?"

"कशाचीच नाही, वहिनी. तुझं काही चुकलं नाही."

"आणि तुझं?"

तो यंत्राकडे बघू लागला.

"तुझंही काय," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "तू आपला माल गार ठेवलास. ती रक्त घेणारी ताई आपल्या रांगेत. खिडकीवरचा माणूस आपल्या खिडकीत. सगळे आपापल्या जागी बरोबर. मग हे कुणी केलं रे? कुणाचं नाव घेऊ मी?"

"माझं घे. मला शिव्या दे. मार."

"नाही देता येत. लहानपणी दिल्या तेवढ्याच. आणि माफीही नाही देता येत, मागू नकोस. आतून काही येतच नाही. खोटं कशाला देऊ?" तिने डोळे मिटले. "पापाचं फळ होतं तोवर बरं होतं. मागितल्यावर कधीतरी मिळेल असं वाटायचं."

परिचारिका येऊन नळ्या बघून गेली. दुपार खिडकीतून खाटेवर आली होती. लादीशेठने विचारलं, "मी जाऊ का? दादाला पाठवतो."

"त्यांना कुठे उचलता येतं मला? बस."

तो बसला. पुष्कळ वेळाने ती डोळे न उघडता म्हणाली, "मी त्याच्याशी बोलणं बंद केलंय. आजपासून."

"कुणाशी?"

"वर. थोडे दिवस. माझ्याकडे बोलायला काही नाही. पण इतक्या वर्षांची सवय, एकदम तोडली तर बरं दिसत नाही. तू बोल माझ्या वतीने."

"मी? मी काय बोलू, वहिनी?"

"ते तुझं तू बघ."

यंत्र चालू होतं. लादीशेठने हात जोडले आणि तसाच बसून राहिला. नळीतून तिचं रक्त जात होतं आणि परत येत होतं, आणि तो ते बघत होता.